खोली, डबा आणि बसायला जागा

जून संपत आला की वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवरची गर्दी बदलते. मराठवाडा, खानदेश, विदर्भातून रात्रभर धावून आलेल्या गाड्यांतून पहाटे अठरा-एकोणीस वर्षांची मुलं-मुली उतरतात. पाठीवर सॅक, खांद्याला वळकटी आणि हातात प्लॅस्टिकची फाइल. त्या फाइलमध्ये बारावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला असं सगळं नीट लावलेलं असतं. सोबत वडील, नाहीतर आधी पुण्यात आलेला गावातलाच एखादा दादा. कॉलेजातला प्रवेश बहुधा झालेला असतो. राहायचं कुठे, जेवायचं कुठे आणि अभ्यासाला बसायचं कुठे, हे तीन प्रश्न मात्र तसेच असतात.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाबद्दल एरवी जे छापून येतं ते क्रमवारीबद्दल, रखडलेल्या निकालांबद्दल, कुलगुरूंच्या निवडीबद्दल. या तीन प्रश्नांना त्यात क्वचितच जागा मिळते. वास्तविक या शहरातून कोण पदवी घेऊन बाहेर पडलं आणि कोण दुसऱ्याच वर्षी गाशा गुंडाळून गावी परतलं, याचा निकाल बऱ्याच वेळा वर्गाबाहेर, याच तीन ठिकाणी लागतो. दीडशे वर्षांपूर्वीही तो तिथेच लागत होता.

विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ ची. तोवर पुण्यातली सगळी महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. सुरुवातीला १८ महाविद्यालयं आणि आठ हजारांच्या आसपास विद्यार्थी; कार्यक्षेत्र मात्र बारा जिल्ह्यांचं. बाळासाहेब खेरांच्या पुढाकारानं गणेशखिंडीतली ४११ एकर जागा मिळाली आणि मुंबईच्या गव्हर्नरांच्या पावसाळी निवासस्थानात विद्यापीठाचा कारभार सुरू झाला. बार्टल फ्रियरच्या काळात, १८६४ मध्ये बांधायला घेतलेली ती मनोऱ्याची इमारत आजही विद्यापीठाची ओळख आहे. २२ जून १८९७ च्या रात्री याच वास्तूतली मेजवानी आटोपून परतणाऱ्या रँडवर चाफेकर बंधूंनी गोळी झाडली. आज त्या गणेशखिंड रस्त्यावरून रोज हजारो विद्यार्थी पीएमपीच्या बसनं जातात. साहेबाच्या बंगल्यात रयतेच्या पोरांचं विद्यापीठ भरावं, आणि पुढे २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाईंचं नाव मिळावं, यात महाराष्ट्राच्या शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास सामावलेला आहे.

१९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, आणि पुणे विद्यापीठाकडे पुणे, नगर आणि नाशिक हे तीन जिल्हे राहिले. कार्यक्षेत्र आक्रसलं, पण महाविद्यालयं वाढत आठशेच्या पुढे गेली आणि विद्यार्थिसंख्या लाखांत पोचली. अभियांत्रिकी, व्यवस्थापन, औषधनिर्माण, विधी, संगणक अशा अभ्यासक्रमांना महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि देशाबाहेरूनही विद्यार्थी येऊ लागले. वर्गातल्या जागा वाढत गेल्या. त्या जागांवर बसणाऱ्यांच्या पथारीचा आणि पानाचा विचार त्या वेगानं कुणी केला नाही.

तो विचार या शहरानं पूर्वी केलेला होता. त्याची पद्धत जुनी होती, आणि तिच्यात मोठं न्यूनही होतं.

डेक्कन कॉलेजच्या जमान्यात गरिबाघरचा मुलगा पुण्यात शिकायला आला की त्याच्यासाठी वार लावले जात. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवसांचे सात वार. सगळे वार लागले तर नशीब. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी चणेफुटाणे, नाहीतर निव्वळ पाणी. ज्यांना वार मिळत नसत ते माधुकरी मागत. सकाळी झोळी घेऊन ठरलेल्या घरांच्या दारांत उभं राहायचं, मिळेल ते एकत्र करायचं, त्यावर दिवस काढायचा आणि धावतपळत शाळा-कॉलेज गाठायचं. यातून गेलेल्यांच्या आत्मचरित्रांत अपमान आणि कृतज्ञता शेजारी-शेजारी आढळतात. एखाद्या घरी शिळंपाकं ताटात पडल्याची आठवण असते, आणि पुढच्याच परिच्छेदात आईच्या मायेनं वाढणाऱ्या दुसऱ्या घरच्या काकूंची.

कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजात शिकले ते अशाच ओढगस्तीत. अंगावरचा एकुलता एक सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही त्यांची हकिकत मराठी शाळांतल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ऐकली आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे थोरले बंधू गोविंदराव पंधरा रुपये पगारातले आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. साने गुरुजी न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या स. प. महाविद्यालयातून, पदवीधर झाले. त्यांचंही विद्यार्थिदशेतलं दारिद्र्य सर्वश्रुत आहे. ही नावं मोठी झाली म्हणून त्यांची उपासमार नोंदली गेली. ज्यांनी मधेच शिक्षण सोडलं त्यांच्या उपासाची नोंद कुठेच नाही.

१९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं. आज ते पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखलं जातं. निराधार मुलांना एका छपराखाली ठेवायचं, त्यांनी माधुकरी आणायची, ती एकत्र करून सगळ्यांनी मिळून जेवायचं आणि शिकायचं, अशी तिथली सुरुवातीची रीत. एकट्यानं मागण्यातला संकोच अशा एकत्र येण्यानं कमी झाला. पुढे याच संस्थेनं मुद्रणाचं आणि तंत्रशिक्षणाचं मोठं काम उभं केलं.

या परंपरेचं न्यूनही स्पष्टपणे सांगायला हवं. माधुकरी ज्या दारांत मिळे ती दारं सगळ्या जातींच्या मुलांना उघडी नव्हती. पेठांमधल्या वारांची सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरती होती. कुणबी, माळी, धनगर, महार, मांग, चांभार यांच्या मुलांनी कॉलेज गाठलंच, तर त्यांनी जेवायचं कुठे, याला पुण्याच्या वाड्यांकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर कोल्हापुरातून आलं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढच्या वीस वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत अशा वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहांना आधार दिला. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. नुसती शाळा उघडून भागत नाही, शाळेजवळ मुलाच्या ताटाची आणि अंथरुणाची सोय लागते, हे महाराजांना जितकं नेमकं कळलं तितकं त्या काळात फार थोड्यांना कळलं. विठ्ठल रामजी शिंदे स्वतः जमखंडीहून फर्ग्युसनमध्ये शिकायला आलेले. शिक्षणासाठी परक्या गावात राहणं म्हणजे काय, हे त्यांनी भोगलं होतं. १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. पुण्यातला अहल्याश्रम ही त्याच कामाची खूण. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. एकाच चुलीवर भाकरी, एकाच पंगतीत जेवण. गांधीजी १९२७ मध्ये ते पाहायला आले.

भाऊरावांचं नाव आजच्या पुणे विद्यापीठातही रोज घेतलं जातं, ते ‘कमवा व शिका’ योजनेमुळे. विद्यापीठाची ही योजना कर्मवीरांच्याच नावानं चालते. विद्यार्थ्यानं दिवसातले काही तास ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात किंवा प्रयोगशाळेत काम करायचं आणि तासांच्या हिशोबानं महिन्याला मानधन घ्यायचं. सकाळी सातला आवारात फेरी मारली तर झाडांना आळी करणारी, पालापाचोळा गोळा करणारी मुलं-मुली दिसतात. तासाभरानं हीच मंडळी हातपाय धुऊन मराठीच्या, अर्थशास्त्राच्या, रसायनशास्त्राच्या तासाला बसलेली असतात. या मानधनातून खोलीचं भाडं निघत नाही, पण मेसच्या बिलाला हातभार लागतो. घरी फोन करून पैसे मागण्याचा प्रसंग पंधरा दिवसांनी पुढे जातो, आणि ज्याच्या घरी सोयाबीनच्या भावावर वर्षाचं गणित ठरतं त्याच्या लेखी ते पंधरा दिवस फार मोलाचे असतात.

विद्यापीठाबाहेर या बाबतीत सगळ्यांत चिवट काम केलं ते विद्यार्थी सहायक समितीनं. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये ती सुरू केली. खेड्यातून आलेल्या गरीब, होतकरू मुला-मुलींना अल्प खर्चात राहायला-जेवायला द्यायचं, आणि त्याबरोबर संस्थेतली कामंही त्यांनाच वाटून घ्यायला लावायची, हे तिचं सूत्र. गरजू विद्यार्थ्याला उपकाराचं ओझं वाटू नये, याची काळजी या रचनेतच घेतलेली आहे. समितीच्या वसतिगृहांतून शिकून गेलेले माजी विद्यार्थी आज संस्थेचे देणगीदार आणि कार्यकर्ते आहेत. शहरात समाजासमाजांची, धर्मादाय न्यासांची, गावकऱ्यांनी मिळून काढलेली इतरही वसतिगृहं आहेत. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांची शासकीय वसतिगृहं आहेत. महाविद्यालयांची स्वतःची आहेत. फर्ग्युसनच्या वसतिगृहात तर इतिहासच नांदतो: १९०५ मध्ये विदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल विनायक दामोदर सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढण्यात आलं. त्यांची खोली अजून जपलेली आहे.

इतकं सगळं असूनही खाटा कमी आणि डोकी जास्त, अशी परिस्थिती आहे. वसतिगृहाच्या यादीत नाव आलं नाही की विद्यार्थ्याला बाजार गाठावा लागतो.

या बाजाराचं चलन म्हणजे ‘कॉट बेसिस’. सदाशिव, नारायण, शनिवार, नवी पेठ या भागांतल्या विजेच्या खांबांवर, झेरॉक्सच्या दुकानांच्या काचांवर, चहाच्या टपऱ्यांवर या दोन शब्दांच्या चिठ्ठ्या डकवलेल्या असतात. खोली भाड्यानं मिळत नाही, खोलीतली एक लोखंडी खाट मिळते. दहा बाय बाराच्या खोलीत तीन-चार खाटा, भिंतीत एक कपाट आणि त्यात प्रत्येकाचा एकेक कप्पा, खाटेखाली ट्रंक, दोरीवर वाळत घातलेले कपडे. गिझर असेल तर त्याची वेळ ठरलेली. आधी डिपॉझिट, मग महिन्याचं भाडं, आणि मधे एजंट असेल तर त्याचं एका महिन्याचं भाडं वेगळं. आपल्याबरोबर राहणाऱ्याला इथे ‘पार्टनर’ म्हणतात. परभणीचा पार्टनर, साक्रीचा पार्टनर, गडहिंग्लजचा पार्टनर. एकाची मराठवाडी, दुसऱ्याची अहिराणी, तिसऱ्याची कोल्हापुरी. वर्षभरात तिघांच्या बोलण्यात एकमेकांचे शब्द मिसळतात. पुण्यातलं शिक्षण किती उपयोगाचं ठरलं याबद्दल दुमत असेल, पण या खोल्यांनी महाराष्ट्राच्या जिल्ह्यांना एकमेकांची जी ओळख करून दिली, ती कुठल्याही अभ्यासक्रमानं दिली नसती.

खोली मिळवतानाची एक गोष्ट मात्र सलत राहते. फोनवर आडनाव सांगितल्यावर ‘जागा भरली’ असं उत्तर मिळण्याचा अनुभव दलित आणि मुस्लिम विद्यार्थ्यांच्या बोलण्यात वारंवार येतो. ईशान्येकडून किंवा आफ्रिकेतून आलेल्यांना तर आडनाव सांगेपर्यंतही थांबावं लागत नाही. ज्या शहरात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, त्या शहराला हे शोभत नाही. विद्यापीठाच्या कमानीवर सावित्रीबाईंचं नाव आहे. त्या कमानीपासून दोन-तीन किलोमीटरवर खोली शोधणाऱ्या पोरीला तिची जात विचारली जाऊ नये, इतकी अपेक्षा वाजवी आहे.

मुलींच्या बाबतीत राहण्याचा प्रश्न प्रवेशाच्या आधीच सुटावा लागतो. कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. उत्तम गुण मिळवूनही इंग्लंडच्या शिष्यवृत्तीला मात्र बाई म्हणून त्या अपात्र ठरल्या. तेव्हापासून आजवर मुलीच्या शिक्षणात अडथळा बुद्धीचा कधीच नव्हता. धोंडो केशव कर्व्यांनी हिंगण्याला आधी आश्रम बांधला, हुजूरपागेनं शाळेबरोबर वसतिगृह चालवलं, त्यामागची जाण हीच: मुलगी सुरक्षित राहील याची खात्री पटल्याशिवाय घरचे तिला पाठवणार नाहीत. राज्य सरकारनं २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलं. निर्णय चांगला आहे. पण फी माफ झालेल्या मुलीला वसतिगृहात जागा नसेल, तर तिचे वडील तालुक्याच्याच कॉलेजचा अर्ज भरतात. घरोघरी हे घडतं, आणि कुठल्याही आकडेवारीत ते येत नाही, कारण त्या मुलीनं पुण्याला अर्जच केलेला नसतो.

आता जेवणाकडे वळू. ‘मेस लावणे’ हा पुण्यात आलेल्या विद्यार्थ्याचा पहिला आर्थिक व्यवहार. बहुतेक मेस घरगुती असतात. तळमजल्यावरची एखादी खोली, दोन लांब टेबलं, स्टीलची ताटं, कोपऱ्यात पिंप, भिंतीवर सूचना. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे. दुपारी पोळ्या, एक सुकी भाजी, एक पातळ भाजी किंवा आमटी आणि भात. रात्री तेच, भाजी बदलून. रविवारी दुपारी ‘फीस्ट’ असते, म्हणजे पुलाव, पनीर किंवा अंडाकरी आणि काहीतरी गोड. रविवारी रात्री मेस बंद. ती रात्र विद्यार्थी वडापाव, मॅगी किंवा पोह्यांवर काढतात, किंवा दुपारी दोन पोळ्या जास्त खाऊन ठेवतात. जो मेसमध्ये येऊन खाऊ शकत नाही तो डबा लावतो. एका डब्यात दोघं जेवणं ही सर्रास चालणारी काटकसर आहे, आणि डबा देणाऱ्या मावशींना ती ठाऊक असते. त्या तीनऐवजी पाच पोळ्या घालतात आणि काही बोलत नाहीत.

मेसच्या जगातला सगळ्यांत कळीचा शब्द म्हणजे ‘खाडा’. गावी गेलं, आजारी पडलं, तर तेवढ्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. पण त्याला नियम असतात. आधी सांगायला हवं, सलग काही दिवसांचा हवा, सुटा खाडा धरला जात नाही. मेसवाल्याच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तारखांच्या रांगा असतात आणि महिनाअखेरीस या रांगांवर बारकाईनं वाटाघाटी होतात. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या हिशोबात मेसवाल्याचीही बाजू आहे. गॅस, तेल, डाळी यांचे भाव वाढले की त्याला दर वाढवावे लागतात, आणि शंभर रुपये वाढवले की दहा मुलं पलीकडच्या मेसमध्ये जातात. मग आमटी पातळ होते. पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या अशक्तपणाला, पोटाच्या तक्रारींना ही पातळ होत गेलेली आमटीही काही अंशी कारण असावी.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत ही सगळी व्यवस्था एका रात्रीत बंद पडली. मेस बंद, टपऱ्या बंद, एसटी बंद. पेठांमधल्या खोल्यांत हजारो विद्यार्थी अडकले. तेव्हा सामाजिक संस्था, गणेश मंडळं आणि शेजारपाजारच्या घरांनी डबे पोचवले. कित्येक घरांनी आधी कधी न पाहिलेल्या मुलांसाठी रोज चार पोळ्या जास्त लाटल्या. वार लावण्याची जुनी पद्धत जणू नव्यानं सुरू झाली, आणि या वेळी ताट पुढे करण्याआधी फारसं कुणी आडनाव विचारलं नाही.

तिसरा प्रश्न बसायच्या जागेचा. चार खाटांच्या खोलीत अभ्यास होत नाही, हे पहिल्या आठवड्यात कळतं. विद्यापीठाच्या आवारात राहणाऱ्यांना जयकर ग्रंथालयाचा मोठा आधार. पहिल्या कुलगुरूंच्या नावाचं हे ग्रंथालय म्हणजे अनेकांचं दुसरं घर आहे. सकाळी वही ठेवून जागा धरायची, दुपारी अनिकेत कॅन्टीनला चहा, पुन्हा वाचन, संध्याकाळी झाडांखाली चर्चा. आवार भाग्यवान आहे. वड-पिंपळांची दाट सावली, शेजारी जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि सी-डॅक, पलीकडे नाटक-संगीत-नृत्य शिकवणारं ललित कला केंद्र. आकाशगंगांवर संशोधन करणारा आणि तमाशाच्या वगावर प्रबंध लिहिणारा एकाच टपरीवर कटिंग घेतात, हे सुख महाराष्ट्रात फार ठिकाणी मिळत नाही.

आवाराबाहेरच्यांसाठी अभ्यासिका आहेत. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींचे मजलेच्या मजले अभ्यासिकांनी भरले आहेत. आत शिरताना चपला बाहेर काढायच्या. मग प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेले कप्पे, प्रत्येकाला नंबर. कप्प्याची रुंदी जेमतेम कोपर टेकण्याइतकी. वर ट्यूब, खाली एक प्लग, पाण्याची बाटली, पाठीला उशी बांधलेली खुर्ची. समोरच्या फळीवर महाराष्ट्राचा नकाशा, घटनादुरुस्त्यांची यादी, पंचायत राजच्या समित्या, आणि मधोमध लाल शाईनं लिहिलेलं एखादं पद: उपजिल्हाधिकारी, तहसीलदार, पीएसआय. सकाळी सहाला येणारे रात्री अकराला उठतात. पंखा आणि पान उलटण्याचा आवाज सोडला तर शांतता.

यातले बरेचजण विद्यापीठाचे विद्यार्थी आहेत, काहींनी फक्त परीक्षेसाठी पदव्युत्तर प्रवेश घेऊन ठेवलेला आहे, काहींची पदवी संपून पाच-सहा वर्षं झाली आहेत. त्यांना ‘स्पर्धा परीक्षेवाले’ म्हणतात. त्यांच्या आंदोलनांकडे बाहेरून पाहणाऱ्याला कधी कधी आश्चर्य वाटतं की एवढ्या तेवढ्यावरून मुलं रस्त्यावर का बसतात. ११ मार्च २०२१ ला, राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना, ती पुढे ढकलल्याची घोषणा झाली आणि नवी पेठेतला शास्त्री रस्ता विद्यार्थ्यांनी अडवला. अखेर २१ मार्चला परीक्षा झाली. २०२३ च्या सुरुवातीला परीक्षेची वर्णनात्मक पद्धत २०२५ पासून लागू करावी म्हणून अलका चौकात ठिय्या झाला आणि लोकसेवा आयोगानं ते मान्य केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवेची आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली म्हणून पुन्हा रस्ता अडला आणि २५ ऑगस्टची परीक्षा पुढे गेली. परीक्षा एक महिना लांबली म्हणजे खाटेचं एक महिन्याचं भाडं, मेसचा एक महिना, अभ्यासिकेचा एक महिना. तो खर्च कुणाच्या तरी घरच्या म्हशीच्या दुधातून, कुणाच्या बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातून येतो. हा हिशोब माहीत असला म्हणजे त्या रस्त्यावर बसलेल्या मुलांचा संताप कळतो.

विद्यार्थिजीवन म्हणजे एवढंच का? नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात भरत नाट्य मंदिरापाशी गेलं की दुसरं पुणं भेटतं. महाराष्ट्रीय कलोपासकच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला १९६३ पासूनची परंपरा आहे, तर फिरोदिया करंडक १९७४ पासून चालू आहे. ‘अरे आव्वाज कुणाचा’ या आरोळीनं सदाशिव पेठ दणाणून जाते. २०२२ मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोलाची नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नाही, आणि त्यावर गावभर वाद झाला. महाविद्यालयीन नाटकावर एवढं चिडणारं शहर विद्यार्थ्यांना काहीतरी देत असणारच. जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर ही मंडळी पुण्यातल्या महाविद्यालयांच्या याच वातावरणात घडली. तरीही इथेसुद्धा सुरुवातीचा प्रश्न आडवा येतो. तालीम संध्याकाळी सहाला सुरू होते आणि मध्यरात्री संपते. ज्याला संध्याकाळी दुकानात उभं राहायचं आहे, जिच्या वसतिगृहाचं दार रात्री लवकर बंद होतं, त्यांना तालमीला राहता येत नाही. रंगमंचावर कोण दिसतं हेदेखील थोडंफार खोलीवर आणि डब्यावर ठरतं.

या अडचणी मांडायला विद्यार्थ्यांचा निवडून आलेला प्रतिनिधी नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत थेट विद्यार्थी निवडणुका १९९४ पासून बंद आहेत. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं त्यांची तरतूद केली, २०१९ मध्ये त्या व्हायच्याही होत्या. आधी विधानसभा निवडणुकीमुळे आणि मग कोविडमुळे त्या मागे पडल्या. प्रतिनिधी नसल्यामुळे २०१९ मध्ये विद्यापीठाच्या रिफेक्टरीतल्या जेवणाच्या नियमांचा प्रश्नही आंदोलनापर्यंत आणि पोलिसांपर्यंत गेला. एखाद्या समितीच्या टेबलावर बसून सुटण्याजोगा तो विषय होता.

सरकारी मदत आहे, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे, ओबीसींसाठी अलीकडे सावित्रीबाई फुले आधार योजना आली. स्वाधारमध्ये पुण्यासारख्या मोठ्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले: भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार, निर्वाहासाठी ८ हजार. दहा महिन्यांनी भागलं तर खोलीसाठी महिन्याला २,००० आणि दोन वेळच्या जेवणासाठी ३,२०० रुपये. पेठेतल्या खाटेचं आजचं भाडं ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. शिवाय ही रक्कम हप्त्यांनी येते आणि हप्ते उशिरा येतात, अशी विद्यार्थी संघटनांची सततची तक्रार आहे. घरमालक आणि मेसवाला मात्र महिन्याच्या पाच तारखेला पैसे मागतात.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. विद्यापीठानं प्रत्येक संलग्न महाविद्यालयाच्या प्रवेशक्षमतेशेजारी त्याच्या वसतिगृहातल्या खाटांची संख्या जाहीर करायला लावावी, म्हणजे अर्ज भरतानाच विद्यार्थ्याला काय ते कळेल. महापालिकेनं अभ्यासिकांची नोंदणी करावी आणि तिथले जिने, वायरिंग, आग विझवण्याची सोय दर वर्षी तपासावी. अरुंद जिन्यांच्या इमारतींत शेकडो मुलं दिवसाचे सोळा-सतरा तास बसतात. स्वाधार, स्वयम् आणि आधारची रक्कम भाड्याच्या वाढत्या दराशी जोडावी आणि ती जुलैपासून दरमहा खात्यावर पडावी.

उरलेलं काम वाचकांचं आहे. हा अंक हातात घेतलेल्या अनेकांनी ऐन तारुण्यातली वर्षं पुण्यातल्या एखाद्या खाटेवर आणि एखाद्या मेसच्या टेबलाशी काढली असतील. त्यांनी या दिवाळीत आपल्या जुन्या वसतिगृहाला फोन करावा, एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या जेवणाला किती खर्च येतो ते विचारावं आणि तेवढी रक्कम पाठवावी. ज्यांची पुण्यात रिकामी खोली आहे, त्यांनी ती विद्यार्थ्यांना द्यावी आणि देताना आडनाव विचारू नये.